वसई किल्ल्यातली पडकी चर्च : झाडू पोरांच्या हातात, जबाबदारी कुणाची?

वसई : पाऊस ओसरला की वसईच्या किल्ल्यात गवत छातीला लागतं. भिंतीच्या सांध्यातून पिंपळ आणि उंबराची रोपं डोकी वर काढतात, पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात आणि चर्चच्या कोपऱ्याकोपऱ्यात वर्षाभराचा कचरा साठलेला असतो. मग सुट्टीच्या दिवशी सकाळी कोयते, विळे, घमेली आणि रिकाम्या गोण्या घेऊन माणसं येतात. कुणी कॉलेजातली पोरं-पोरी, कुणी नोकरीवाले, कुणी निवृत्त मास्तर. पगार नाही, भत्ता नाही. चहा-वडापाव खिशातूनच. दुपारपर्यंत गवत कापून, बाटल्या-पिशव्या गोण्यांत भरून ती घरी जातात. पुढच्या पावसात गवत परत तेवढंच.

हे चित्र वसईपुरतं नाही. अर्नाळा, केळवे, शिरगाव, अशेरीगड अशा जिल्ह्यातल्या बऱ्याच ठिकाणी अशाच मोहिमा निघतात. पण वसईचं प्रकरण जरा वेगळं आहे, म्हणून ते नीट समजून घ्यायला पाहिजे. इथे गडप्रेमी पोरं साफ करतात ती वास्तू बऱ्याचदा चर्च असते. तेही पोर्तुगिजांनी बांधलेलं, चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचं, छप्पर उडालेलं.

युनेस्कोची यादी आणि यादीबाहेरचे

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. रायगड, शिवनेरी, राजगड, प्रतापगड, साल्हेर, लोहगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग ही आपली नावं. आनंदाचीच गोष्ट आहे. त्याआधी वर्षाच्या सुरुवातीला राज्य सरकारने गडकिल्ल्यांवरची अतिक्रमणं काढण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या होत्या. म्हणजे किल्ला हा विषय सध्या सरकारी टेबलावर आहे.

पण पालघर जिल्ह्यातला एकही किल्ला त्या बारांत नाही. नकाशावर नाव गेलं की रस्ता येतो, पाटी येते, शौचालय येतं, मंत्र्यांचा दौरा येतो. नाव गेलं नाही की गवत येतं. वसईचा किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचा, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा संरक्षित आहे. पण त्या खात्याच्या मुंबई मंडळाकडे घारापुरी, कान्हेरी, रायगड, सिंधुदुर्ग असं मोठं कुटुंब आहे. त्या कुटुंबात वसईच्या ताटात किती वाढलं जातं, हे किल्ल्यात एक फेरी मारली तरी कळतं.

आत गेल्यावर काय दिसतं

वसई गावातून किल्लाबंदरकडे जाणारा रस्ता थेट किल्ल्याच्या पोटातून जातो. त्याच रस्त्याने कोळणी टोपल्या घेऊन बाजाराला येतात, शाळेची पोरं जातात, रिक्षा, बस सगळं चालतं. फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली. तिची जेट्टी किल्ल्याला लागूनच, त्यामुळे आता चारचाकी गाड्यांचीही वर्दळ वाढली. साधारण ११० एकरांचा हा किल्ला. तीन बाजूंना पाणी आणि दलदल. एक दरवाजा जमिनीकडे, एक बंदराकडे.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली. त्यानंतर दोनशे वर्षं हे त्यांचं उत्तर कोकणातलं मुख्य शहर होतं. शहर म्हणजे खरंच शहर : वाडे, इस्पितळ, तुरुंग, चौक, आणि पाद्र्यांच्या प्रत्येक पंथाचं वेगळं चर्च आणि मठ. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन. इथला काळा दगड इतका नावाजलेला होता की गोव्यातल्या चर्चसाठीही वसईहून दगड जहाजाने जायचा.

बंदर दरवाजाजवळचं सेंट जोसेफ चर्च लांबूनच ओळखू येतं, त्याच्या उंच मनोऱ्यामुळे. मूळ बांधणी सोळाव्या शतकाच्या मध्याची. १६०१ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांच्या काळात ते नव्याने बांधून मोठं केलं, असं दरवाज्यावरच्या लेखात कोरलेलं होतं. मनोऱ्यातून गोल जिना वर जातो. वर गेलं की एका बाजूला खाडी आणि होड्या, दुसऱ्या बाजूला ताडांची झाडं. छप्पर नाही, लाकूड नाही, फक्त भिंती. पावसाळ्यात वेदीच्या जागी पाणी साचतं.

फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये वर बघण्यापेक्षा खाली बघायचं. फरशीतच थडग्यांचे दगड बसवलेत. कुणाचं घराण्याचं चिन्ह, कुणाचं नाव, कुणाचं साल. चारशे वर्षं लोक त्यावरून चालले, म्हणून अक्षरं पुसट झाली. आता त्यावर मोटारसायकल उभी करून फोटो काढणारेही भेटतात. जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत मात्र अजून ताठ आहे, कोरीव खांबांसकट. ज्या संत गोन्सालो गार्सियांचं नाव गासच्या चर्चला आणि वसईतल्या कॉलेजला आहे, ते याच वसईत जन्मले आणि १५९७ मध्ये जपानातल्या नागासाकीत मारले गेले. १८६२ मध्ये पोपने त्यांना संत घोषित केलं. भारतात जन्मलेले पहिले संत. इतक्या मोठ्या माणसाच्या गावात त्यांच्या काळातल्या भिंतींना पिंपळ फुटलेत, ही गोष्ट ख्रिस्ती असो नसो, कुणालाही खटकावी अशी आहे.

आणि किल्ल्यात फक्त चर्चच नाहीत. नागेश्वराचं देऊळ आहे, वज्रेश्वरीचं आहे, चिमाजी आप्पांचं स्मारक आहे. इंग्रजांच्या काळातल्या साखर कारखान्याचे अवशेषही आहेत. ज्याला हा किल्ला एकाच रंगाचा वाटतो, त्याने पूर्ण फिरून बघितलेला नाही.

चर्च कुणाचं?

हा प्रश्न उघड कुणी विचारत नाही, पण तो आहेच. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. फार मोठी लढाई झाली, हजारो माणसं पडली. पोर्तुगीज राजवटीने या भागात देवळं पाडली, धर्मावरून लोकांना छळलं, हाही इतिहास आहे आणि तो लपवायची गरज नाही. म्हणून गडसंवर्धन करणाऱ्या पोराला कुणीतरी टोमणा मारतोच : शत्रूची चर्च कशाला झाडता? दुसरीकडे वसईतल्या ख्रिस्ती समाजाची गावोगाव चालती-बोलती चर्च आहेत. तिथे मिस्सा होते, सण होतात, वर्गणी निघते. किल्ल्यातली पडकी चर्च कुठल्याच धर्मग्रामाच्या रोजच्या वापरात नाहीत. सरकारच्या दृष्टीने ती फक्त स्मारकं. म्हणजे तिघांच्या मध्ये पडलेलं जनावर, वैरण कुणीच टाकत नाही.

खरं तर उत्तर अवघड नाही. पैसा पोर्तुगिजांचा असेल, पण दगड इथला, आणि हा एवढा दगड फोडणारे, वाहणारे, चढवणारे सगळे काही लिस्बनहून आले नव्हते. जुन्या बोलीत इथला ख्रिस्ती माणूस चर्चला आजही देऊळच म्हणतो. चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला तेव्हा विजयाची खूण म्हणून चर्चच्या घंटा उतरवल्या. त्या वितळवल्या नाहीत. देवळांना दिल्या. नाशिकला गोदावरीकाठच्या नारोशंकराच्या देवळावर १७२१ सालची पोर्तुगीज घंटा आजही टांगलेली आहे. वाईजवळ मेणवलीला एक आहे, भीमाशंकरला एक आहे. तीनशे वर्षांची घंटा जर देवळात जपली जाते, तर ती जिथे वाजायची तो मनोरा जपायला हरकत कशाची असावी? उलट मराठ्यांनी काय जिंकलं हे पुढच्या पोरांना दाखवायचं असेल, तर जिंकलेलं शहर उभं पाहिजे. पडलेल्या ढिगाऱ्यावर विजय दिन साजरा करण्यात काय मजा.

वसईत किल्ले वसई मोहीम परिवारासारख्या संस्थांनी हे बरंच आधी ओळखलं. त्यांनी झाडण्याबरोबर अभ्यास लावला : शिलालेख, जुने नकाशे, कोणती भिंत कोणत्या इमारतीची. हा फरक महत्त्वाचा आहे. नुसतं साफ करणारा हात आणि काय साफ करतोय हे माहीत असलेला हात, यात जमीन-अस्मानाचं अंतर पडतं.

झाडणं वेगळं, हात लावणं वेगळं

इथे थोडं कडू बोलावं लागेल. स्वयंसेवकांचं काम चांगलंच आहे, पण चांगल्या मनाने केलेलं काम नुकसान करत नाही असं नाही. राज्यभरात गडांवर काय काय होतं ते फेसबुकवर दिसतंच. भिंतीतलं पिंपळाचं रोप चार जणांनी दोर बांधून उपटलं, व्हिडिओ केला, हजार लाईक. पण त्या मुळाबरोबर आतला चुना आणि दोन दगडही बाहेर आले, ते व्हिडिओत नाही. रोप कोवळं असताना काढलं तर ठीक. मूळ जाड झालं असेल तर ते उपटायचं नसतं. बुंध्यापाशी कापायचं, औषध लावून जागच्या जागी मारायचं आणि भेग चुन्याने बुजवायची. आणि हे काम खात्याच्या माणसानेच करायचं असतं.

दुसरं सिमेंट. पडझड दिसली की कुणीतरी उत्साही माणूस सिमेंटची गोणी द्यायला तयार होतो. जुनी भिंत चुन्याची आहे. चुना पाणी पितो आणि उन्हात सोडतो. वरून सिमेंट लावलं की पाणी आत अडकतं. ओलं भात प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळून ठेवलं तर काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. बाहेरून चकाचक, आतून कुजलेलं. भिंतीचंही तसंच : चार पावसाळ्यांत सिमेंटचा पापुद्रा सुटतो आणि जाताना जुना दगडही घेऊन जातो.

शिलालेखावर रंग भरणं, अक्षरं तारेच्या ब्रशने घासणं, दगडावर तेलाच्या मशाली टेकवणं, भिंतीच्या कडेला हौसेने वड-पिंपळ लावणं, बाणाच्या खुणा ऑइलपेंटने काढणं, हे सगळं त्याच जातीचं. ज्याने केलं त्याच्या मनात वाईट काही नसतं. पण दगडाला मन कळत नाही.

कायदा याबाबत कडक आहे. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती यानुसार संरक्षित स्मारकाचं नुकसान करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. भिंतीवर बदाम कोरून त्यात नावं लिहिणाऱ्या जोडप्यालाही हाच कायदा लागू आहे आणि परवानगी न घेता भिंत दुरुस्त करणाऱ्या गडप्रेमीलाही. गंमत अशी की बदाम कोरणारा क्वचितच सापडतो. बोर्ड लावून, फोटो टाकून, तारीख-वेळ जाहीर करून काम करणारा लगेच सापडतो.

किल्ल्याला खेटून राहणाऱ्यांचं दुखणं

जे लोक वारसा वारसा करतात त्यांच्या भाषणात किल्लाबंदर आणि पाचूबंदरचं नाव कमी येतं. याच वस्त्या किल्ल्याला सर्वांत जवळ आहेत. इथल्या कोळी कुटुंबांची घरं आणि होड्या तटाच्या सावलीत. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवतीचं १०० मीटरचं क्षेत्र प्रतिबंधित झालं आणि त्यापुढचं २०० मीटर नियंत्रित. पहिल्या शंभर मीटरमध्ये नवं बांधकाम नाहीच. जुन्या घराची दुरुस्ती करायची तर परवानगी. त्यातही १६ जून १९९२ च्या आधीचं घर आहे का, हे बघितलं जातं. नियंत्रित क्षेत्रात बांधायचं तरी परवानगी.

नियमामागचा हेतू समजतो. तो नसता तर तटाला चिकटून सात मजली इमारती उभ्या राहिल्या असत्या. वसई-विरारमध्ये काय काय उभं राहिलंय हे सगळ्यांना माहीत आहे. पण ज्याचं घर चार पिढ्यांचं आहे, कागद जुने आहेत किंवा नाहीतच, पत्रा गळतोय, पोराचं लग्न आहे, एक खोली वाढवायची आहे, त्याला किल्ला म्हणजे अडचण वाटणारच. अर्ज ऑनलाइन, भाषा इंग्रजी, नकाशा आर्किटेक्टचा. त्याचा खर्च एका हंगामाच्या मासळीतून कसा काढायचा? असा माणूस किल्ल्यात रविवारी विळा घेऊन येईल ही अपेक्षा कशी करायची? आणि तोच तर रात्री-बेरात्री किल्ल्यातून जातो. कुठे दारूची पार्टी चाललीय, कुठला दगड काल होता आणि आज नाही, हे सर्वांत आधी त्यालाच कळतं.

स्वयंसेवकांच्या यादीत या दोन वस्त्यांतली माणसं नसतील तर ती मोहीम अर्धी आहे. आणि त्यांना आणायचं असेल तर आधी घरदुरुस्तीचे अर्ज भरून द्यायला कुणीतरी बसलं पाहिजे. संवर्धन संस्थांनी महिन्यातून एक रविवार झाडू बाजूला ठेवून असं एक टेबल टाकलं, तर किल्ल्याचं जास्त भलं होईल. हे काम फोटोत चांगलं दिसत नाही, एवढाच त्याचा दोष.

बिनछपराच्या एका चर्चची गोष्ट

पडक्या चर्चला गावकऱ्यांनी सांभाळणं ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. इंग्लंडात हे फार जुनं आहे, कारण तिथे गावं उठली आणि चर्च मागे राहिली असं शेकडो ठिकाणी झालं. नॉरफोक परगण्यात हॉटन-ऑन-द-हिल नावाचं असंच उठलेलं गाव. १९९२ मध्ये ग्लोरिया डेव्ही नावाच्या बाई फिरायला गेल्या असताना त्यांना झाडवेलींत बुडालेलं, छप्पर नसलेलं चर्च दिसलं. आत वाईट उद्योग चालतात, सैतानाची पूजा होते अशा खुणा होत्या. त्यांचे नवरे बॉब डेव्ही निवृत्त होते. त्यांनी साफसफाईला हात घातला आणि पुढची कितीतरी वर्षं तेच केलं. राणीकडून त्यांचा सन्मान झाला. २०२१ मध्ये ते वारले.

पण या गोष्टीतला खरा धडा साफसफाईचा नाही. गिलावा सुटला तेव्हा त्याच्याखाली जुनी चित्रं दिसायला लागली. तपासणीत ती साधारण १०९० च्या सुमाराची निघाली, त्या देशातल्या सर्वांत जुन्या चर्चचित्रांपैकी. त्या वेळी एखाद्याने उत्साहाच्या भरात उरलेला गिलावा खरवडला असता, वरून चुना मारला असता, तर नऊशे वर्षं टिकलेलं एका दुपारी संपलं असतं. तज्ज्ञ आले आणि नाजूक काम त्यांनी केलं. म्हाताऱ्याने आपलं काम चालू ठेवलं : गवत, दार, येणाऱ्याला माहिती सांगणं, रात्री नजर ठेवणं.

तिथे अशी वाटणी ठरलेली असते. १९५७ पासून एक संस्था फक्त बेवारस चर्चसाठी काम करते. १९६९ मध्ये सुरू झालेला दुसरा ट्रस्ट साडेतीनशेहून जास्त चर्च सांभाळतो. दुरुस्ती कारागीर आणि इंजिनिअर करतात, आणि रोजची देखभाल गावातली माणसं. बऱ्याच ठिकाणी चर्चची किल्ली जवळच्या घरात ठेवलेली असते, दारावर तसं लिहिलेलं असतं. दगडाला हात लावायला तिथेही बंदीच आहे, आपल्यापेक्षा कमी नाही. फरक एवढाच की काय करायचं नाही याबरोबर काय करायचं हेही तिथल्या माणसाला सांगितलेलं असतं. तिथलं सगळं सोन्याचं आहे असं नाही. तिथेही पैशाची ओढाताण आहेच, आणि स्वयंसेवक म्हातारे होत चाललेत. आपल्याकडे उलट आहे. पोरं तरुण आहेत, भरपूर आहेत, आणि त्यांना ठरलेलं काम नाही.

योजना आहेत, पण कुणासाठी?

केंद्राची स्मारक दत्तक योजना २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये बदलून परत आली. लाल किल्ल्यासाठी २०१८ मध्ये एका कंपनीने पाच वर्षांत २५ कोटी द्यायचं ठरवलं तेव्हा त्यावर बराच गोंधळ झाला होता. ही योजना मुख्यतः कंपन्यांच्या सीएसआर पैशाची : शौचालय, बाकडी, पाणी, दिवे. राज्याचीही महाराष्ट्र वैभव नावाची संगोपन योजना आहे, पण ती राज्याच्या संरक्षित स्मारकांसाठी. वसई केंद्राची. म्हणजे कंपनीला दार आहे, झाडूवाल्याला खिडकीसुद्धा नाही. त्याने दरवेळी पत्र लिहायचं, परवानगी मागायची, साहेब बदलले की नव्याने ओळख करून द्यायची.

पुरातत्त्व खात्याला सगळा दोष देऊनही भागणार नाही. त्यांच्याकडे माणसं कमी आहेत आणि गेल्या काही वर्षांत त्यांनी गडांवर झालेलं उत्साही नुकसानही बघितलंय. त्यांची भीती खोटी नाही. पण उपाय सोपा आहे आणि खर्चाचा नाही. पावसाआधी एक आणि पावसानंतर एक दिवस खात्याच्या संवर्धन सहायकाने स्वयंसेवकांसोबत किल्ला फिरायचा. कोणत्या भिंतीवरचं रोप हाताने काढायचं आणि कोणत्या भिंतीजवळ फिरकायचंही नाही, ते दाखवायचं. पाणी कुठून वाहून जायला पाहिजे आणि कुठे तुंबतंय ते दाखवायचं. ते एका कागदावर लिहून दोन्ही बाजूंनी सह्या करायच्या. गटाला वर्षभराची लेखी परवानगी द्यायची, नियम मोडला तर काढून घ्यायची. बस. यासाठी मंत्रालयात जावं लागत नाही.

आणि एक काम असं आहे की त्याला परवानगीही लागत नाही. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. सेंट जोसेफच्या मनोऱ्यासमोर, फ्रान्सिस्कन चर्चच्या कमानीसमोर, जेझुइट चर्चच्या दर्शनी भिंतीसमोर अशा पाच-सहा जागा ठरवायच्या. वर्षातून दोनदा, मे अखेर आणि ऑक्टोबरमध्ये, त्याच जागी उभं राहून तोच फोटो काढायचा. स्वतःचा चेहरा मध्ये न घालता. खाली तारीख. भेग बोटभर वाढली, दगड सरकला, कमानीचा कळीचा दगड खाली आला, हे डोळ्याला वर्षात कळत नाही. दोन फोटो शेजारी ठेवले की लगेच कळतं. अर्जासोबत असे पाच वर्षांचे फोटो लावले तर कुठल्याही कार्यालयात तो अर्ज नुसता फाइलला लावून ठेवणं अवघड जातं. शिरगाव, केळवे, अर्नाळ्यालाही हे करता येईल. अशेरीवर पोर्तुगीज राजचिन्हाचा दगड उघड्यावर आहे, त्याची तर सुरुवात आजच करावी.

किल्ला बघायला जाणाऱ्यांनीही थोडं बघावं. मनोऱ्यावर एका वेळी गर्दी करू नये, जिना अरुंद आहे आणि कठडा सगळीकडे नाही. पावसाळ्यात तटावर चढूच नये. गाडी रस्त्यावर ठेवावी, चर्चच्या आत नाही. लग्नाआधीचं शूटिंग करायचं तर खात्याची परवानगी काय लागते ते आधी विचारावं, धुराच्या नळ्या आणि रंगाची पावडर तर आणूच नये. रंग चुन्यात जातो तो निघत नाही. वाटेत किल्लाबंदरच्या माणसाला रस्ता विचारावा. गूगलपेक्षा त्याला जास्त माहीत असतं, आणि चार शब्द बोलला तर कोणतं चर्च कोणतं हेही तो सांगेल.

सध्या किल्ल्यातलं गवत पिवळं पडायला लागलंय. दिवाळीनंतर ते वाळेल आणि मग नेहमीप्रमाणे कुणीतरी काडी लावेल. कापलेलं गवत भिंतीपाशी ढीग करून जाळू नये, जाळाने दगड तडकतो आणि चुना भुगा होतो. ज्यांची गुरं आहेत त्यांनी एखादा टेम्पो घेऊन यावं. या रविवारी कापणी झालीच तर गोण्या भरायलाही हात लागतील.